जाहिरातींतील मोठें नांव आणि गिऱ्हाइकाची जबाबदारी

कोणत्याहि खरेदींत तीन गोष्टी पाहाव्या लागतात : विकणारा कोण, माल कसा, आणि माल खोटा निघाल्यास भरपाई कोण करणार. आपले वाडवडील बैल घेतांना दांत पाहत, जमीन घेतांना दप्तर पाहत आणि पैसा उसना देतांना जामीन पाहत. हल्लींच्या व्यवहारांत मात्र एक चौथा मनुष्य येऊन उभा राहिला आहे. तो माल तयार करीत नाहीं, विकीत नाहीं आणि बहुधा वापरीतहि नाहीं. तो केवळ हंसतमुखानें भिंतीवर, पिशवीवर, दूरचित्रवाणीवर किंवा हातांतील मोबाईलवर दिसतो व 'हें घ्या' असें सांगतो. कोणी चित्रपटांतील नट असतो, कोणी क्रिकेटपटु, तर कोणी आपल्यासारखाच फेटा बांधलेला शेतकरी. या चौथ्या मनुष्याचें व्यवहारांत स्थान काय, त्याच्या शब्दाचें मोल किती, आणि त्याच्या शब्दावर माल घेणाऱ्याची स्वतःची जबाबदारी कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथा जुनीच आहे

मोठ्या माणसाच्या नांवावर माल खपविण्याची युक्ति आजची नव्हे. इंग्लंडांत अठराव्या शतकांत जोसाया वेजवुड नांवाच्या कारखानदारानें राणी शार्लट हिला चहाचीं भांडीं पुरविलीं, आणि पुढें त्या जातीच्या सर्व भांड्यांस 'राणीचीं भांडीं' असें नांव देऊन तीं देशोदेशीं खपविलीं. भांडें तेंच, पण राणीच्या पंक्तीस बसल्याचें समाधान गिऱ्हाइकास जास्तीचें मिळालें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिली लँग्ट्री या नटीची शिफारस पेअर्स साबणाच्या जाहिरातींत छापली जाऊं लागली. आपल्या देशांत प्रत्यक्ष रवीन्द्रनाथ ठाकुरांनीं गोदरेजच्या साबणाची शिफारस केली होती. १९४१ सालीं सुप्रसिद्ध नटी लीला चिटणीस या लक्स साबणाच्या जाहिरातींत दिसूं लागल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय नटी होत.

या उदाहरणांत निंद्य असें फारसें कांहीं नाहीं. परंतु त्यांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. हा सारा माल भांड्यांचा व साबणाचा आहे. बियाण्याचा किंवा औषधाचा नाहीं. हा भेद लहान नव्हे. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

साबण आणि बियाणें

मालाचे तीन प्रकार कल्पावे. पहिल्या प्रकारच्या मालाची पारख घेण्यापूर्वींच होते. बैल, विळा, घमेलें हीं या वर्गांत येतात. डोळे व हात शाबूत असले म्हणजे येथें कोणाच्या शिफारशीची गरज नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या मालाची पारख वापरल्यानंतर होते. साबण, चहा, कापड हीं त्यांत मोडतात. नटीच्या शब्दावर साबण घेतला आणि तो आवडला नाहीं, तर नुकसान एका वडीपुरतें. पुढच्या महिन्यांत दुसरा घेतां येतो.

तिसऱ्या प्रकारच्या मालाची पारख वापरल्यानंतरहि धड होत नाहीं. बियाणें, कीटकनाशकें आणि दुकानांत 'टॉनिक' म्हणून मिळणारीं द्रवें हीं या वर्गांतील होत. पीक साधलें नाहीं तर दोष बियाण्याचा, पावसाच्या ताणाचा, जमिनीचा कीं रोगाचा, हें सांगणें जाणत्यासहि कठीण जातें. पीक साधलें तरी तें टॉनिकामुळें साधलें कीं वेळेवर झालेल्या पावसामुळें, हें कोण ठरविणार? शिवाय साबणाची परीक्षा वर्षांतून बारा वेळां घेतां येते, बियाण्याची एकदांच. त्या एका परीक्षेस वर्षाचें उत्पन्न पणास लागतें. पेरणीची वेळ निघून गेली म्हणजे दुकानदारानें पैसे परत केले तरी मृग नक्षत्र परत येत नाहीं.

यावरून असें दिसून येईल कीं, ज्या मालाची पारख स्वतःला करतां येत नाहीं, त्याच मालाच्या बाबतींत मनुष्य परक्या शब्दावर अधिक विसंबतो; आणि जाहिरात देणारा नेमका हा दुबळेपणा हेरतो. जेथें फसगतीचा धोका सर्वांत मोठा, तेथेंच मोठ्या नांवाची भुरळ सर्वांत जास्त पडते.

साक्षीदार निराळा, जामीनदार निराळा

महसूल खात्याच्या दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खरेदीखतावर साक्ष घालणारा गृहस्थ कितीहि प्रतिष्ठित असो. दस्तावर सही आपल्यासमक्ष झाली, एवढेंच तो सांगतो. जमिनीवर बोजा नाहीं, वारसांची हरकत नाहीं किंवा विहिरीस पाणी लागेल, यांपैकीं कशाचीहि हमी तो देत नाहीं. साक्षीदाराची अब्रू पाहून जमीन घेणारा मनुष्य पुढें कोर्टाची पायरी चढतो.

जाहिरातींतील नामांकित व्यक्ति ही फार झालें तर साक्षीदार होय, जामीनदार नव्हे. आणि साक्षीदार म्हणूनहि त्या व्यक्तीस तीन प्रश्न विचारले पाहिजेत. एक, तिनें ही गोष्ट स्वतः पाहिली आहे काय? दोन, पाहिली असल्यास तींतील बरेंवाईट समजण्याइतकें ज्ञान तिला आहे काय? तीन, ही साक्ष देण्याबद्दल तिला मोबदला मिळाला आहे काय? फलंदाज चेंडूची पारख उत्तम करील. पण बोंडअळीचा प्रादुर्भाव कोणत्या टप्प्यावर आहे, हें त्यानें सांगावें अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. एका विषयांतील कीर्ति दुसऱ्या विषयांत चलनी नाण्यासारखी चालत नाहीं. पैसे घेऊन दिलेली साक्ष खोटीच असते असें नाहीं. परंतु ती पैसे घेऊन दिली आहे, हें ऐकणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.

शेतकऱ्याचें छायाचित्र

नटाची जाहिरात एक वेळ ओळखूं येते. त्याहून सावध राहण्याजोगी जाहिरात म्हणजे माहितीपत्रकावरील शेतकऱ्याचें छायाचित्र, किंवा मोबाईलवर शेताच्या बांधावर उभा राहून बोलणारा अनुभवी गृहस्थ. तो आपल्या भाषेंत बोलतो, आपल्यासारखाच दिसतो, म्हणून त्याचा शब्द आपणांस घरचा वाटतो.

समजा, एका पत्रकांत छापलें आहे कीं अमुक शेतकऱ्यानें अमुक वाणाचें सोयाबीन पेरून एकरीं पंधरा क्विंटल उत्पन्न काढलें. ही गोष्ट अक्षरशः खरी असूं शकेल. तरीहि वाचणाऱ्यानें विचारावें : जमीन भारी कीं हलकी? पाणी दिलें होतें कीं केवळ पावसावर? खत किती घातलें? त्याच वर्षीं, त्याच शिवारांत, शेजारच्या बांधापलीकडे दुसऱ्या वाणाचें उत्पन्न किती आलें? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शेजारचा आंकडा नसेल तर पंधरा क्विंटलांचें श्रेय वाणास द्यावें कीं वरुणराजास, हें ठरत नाहीं. म्हणूनच कृषि विद्यापीठें एकाच शेतांत अनेक वाण शेजारीं शेजारीं लावतात, तीच चांचणी निरनिराळ्या ठिकाणीं व अनेक वर्षें करतात, आणि मगच वाणाची शिफारस करतात. एका शेतकऱ्याची एका वर्षाची हकीकत ही बातमी आहे, प्रयोग नव्हे.

कायदा काय म्हणतो

फसव्या जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे पूर्वींपासून कायदे आहेत. चमत्कारिक गुणांचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा १९५४ सालींच झाला. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा आला. परंतु जाहिरातींत शिफारस करणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी त्यांत स्पष्ट नव्हती. २०१५ सालीं मॅगी शेवयांच्या प्रकरणीं जाहिरातींत दिसलेल्या नटनटींचीं नांवें पुढें आलीं, तेव्हां हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. त्या शेवयांवरील बंदीचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं रद्द ठरविला. पण शिफारस करणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न मागें राहिला. २०१६ सालीं संसदीय समितीनें अशा व्यक्तींस कैदेच्या शिक्षेची शिफारस केली. कायदा होतांना कैद वगळली गेली व दंड राहिला.

हा नवा कायदा २०१९ चा असून तो २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्या अन्वयें स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात बंद करविण्याचा अधिकार आहे. शिफारस करणाऱ्यास पहिल्या वेळीं दहा लाख रुपयांपर्यंत व पुन्हां तसेंच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. तसेंच एक वर्षापर्यंत, आणि पुन्हां केल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणत्याहि मालाची शिफारस करण्यास त्याला मनाई करतां येते. मात्र जाहिरातींतील दाव्यांच्या खरेपणाची योग्य ती खातरजमा आपण आधीं केली होती, असें दाखविल्यास तो सुटतो. जून २०२२ मध्यें निघालेल्या मार्गदर्शक नियमांनुसार शिफारस ही त्या व्यक्तीचें प्रामाणिक मत असली पाहिजे, आणि ती पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असली पाहिजे. मोबदल्याचा अथवा अन्य हितसंबंध असेल, तर तोहि उघड सांगितला पाहिजे. मे २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि सांगितलें कीं, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जाहिरातदार आणि शिफारस करणारा दोघेहि सारखेच जबाबदार आहेत.

हें सर्व योग्यच झालें. तथापि या कायद्याची मर्यादा शेतकऱ्यानें ओळखली पाहिजे. दंडाची रक्कम ज्याचें शेत वांझ गेलें त्याच्या हातीं पडत नाहीं. शिवाय दंड होतो तो जाहिरात खोटी ठरल्यावर, आणि ती ठरेपर्यंत हंगाम उलटून गेलेला असतो. कायदा म्हणजे शेताचें कुंपण. कुंपण आहे म्हणून राखण सोडून देणारा शेतकरी शहाणा म्हणतां येणार नाहीं.

नांव सोडून काय वाचावें

ज्या पिशवीवर मोठें चित्र असतें, त्याच पिशवीवर बारीक अक्षरांत कांहीं मजकूर असतो. चित्र कायद्यानें सक्तीचें नाहीं. मजकूर सक्तीचा आहे. यावरूनच दोहोंपैकीं कोणतें वाचावें हें ठरतें.

बियाणें : पिशवीस लावलेल्या खुणचिठ्ठीचा रंग प्रथम पाहावा. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेनें बीजोत्पादनाचें शेत व बियाणें तपासलें आहे. सत्यप्रत बियाण्याची चिठ्ठी हिरवी असते. म्हणजे त्या गुणांची ग्वाही उत्पादक स्वतः देत आहे. हिरवी चिठ्ठी वाईट असते असें नव्हे, पण शब्द कोणाचा आहे हें कळलें पाहिजे. त्यानंतर लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्तीचा आंकडा वाचावा. सोयाबीनची किमान उगवणशक्ति शेंकडा ७० ठरलेली आहे. म्हणजे शंभरांतील तीस दाणे उगवले नाहींत तरी माल कायद्यांत बसतो. कोणताहि नट हा आंकडा सांगत नाहीं. म्हणून पेरणीपूर्वीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे, गोणपाट सुकूं देऊं नये, आणि आठवड्याच्या आंत किती दाण्यांस निकोप कोंब आले तें मोजावें. ७० उगवणीस एकरीं ३० किलो बियाणें धरलें, तर ६० उगवणीस ३५ किलो लागतें, हा हिशेब घरच्या घरीं करतां येतो. २०२० च्या खरिपांत मराठवाड्यांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी एवढ्या आल्या कीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षाची आठवण पुष्कळांस असेल.

कीटकनाशकें : डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिंवळा, मग निळा आणि मग हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ नव्हे; विष तेंहि आहेच. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठीं, किती प्रमाणांत आणि काढणीपूर्वीं किती दिवस फवारणी बंद ठेवावी, हें आंतल्या चिठ्ठींत असतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवरील फवारणींत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखीं पडले. तीव्र विषांचीं मिश्रणें, डोक्याएवढी वाढलेली कपाशी आणि संरक्षक साधनांचा अभाव हीं त्याचीं कारणें सांगितलीं गेलीं. अशा मालाच्या बाबतींत जाहिरातींतील हंसरा चेहरा वाचून चिठ्ठी न वाचणें हा प्राणाशीं खेळ होय.

खतें व टॉनिकें : खताच्या पोत्यावरील आंकडे हेंच त्याचें खरें नांव. डीएपीच्या ५० किलोंच्या पोत्यांत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतें. पोत्यावरील चित्र बदललें म्हणून त्यांत छटाकाचीहि वाढ होत नाहीं. टॉनिकांपैकीं ज्यांस जैवउत्तेजक म्हणतात, तीं २०२१ सालीं खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेंत आणलीं गेलीं. तेव्हां अशा बाटलीवर घटकांचे आंकडे आहेत कीं नुसतीं विशेषणें, हें पाहावें. विशेषणांनीं पीक वाढत नाहीं.

पावती, पिशवी आणि पंचनामा

तालुका कचेरींत पीकहानीचे अर्ज वाचण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे पुष्कळ वर्षें होतें. अर्जदाराचें दुःख खरें असे, नुकसान डोळ्यांस दिसे. पण पावती मागितली तर 'दुकानदार ओळखीचा आहे, पावती घेतली नाहीं' हें उत्तर वारंवार मिळे. ओळखीनें माल मिळतो. दाद मिळत नाहीं. पावतीवर लॉट नंबर नसेल तर तीहि अर्धवटच समजावी. बियाण्याच्या विक्रेत्यानें पावती देणें १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशान्वयें बंधनकारक आहे. तेव्हां ती मागण्यांत संकोच कसला?

पावती, रिकामी पिशवी, तिची खुणचिठ्ठी आणि मूठभर बियाणें पीक घरांत येईपर्यंत जपून ठेवावें. त्यांसोबतच ज्या जाहिरातीवरून माल घेतला तिचें पत्रक किंवा मोबाईलवरील चित्रहि ठेवावें. कारण दिलेलें वचन काय होतें, याचा पुरावा तेंच. सातबाऱ्यावर पिकाची नोंद वेळेवर करावी. उगवण झाली नाहीं तर शेत मोडण्यापूर्वीं तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन तक्रार निवारण समितीकडून पाहणी व पंचनामा करून घ्यावा. दुबार पेरणीच्या घाईंत नांगर आधीं फिरला म्हणजे पुरावा मातींत जातो.

शेतकरी हाहि ग्राहक आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणीं १६ जानेवारी २०१२ रोजीं निःसंदिग्धपणें सांगितलें. तो दावा आंध्र प्रदेशांतील शेतकऱ्यांचा होता. शेतकऱ्यांनीं बियाण्याचा नमुना तपासणीस दिला नाहीं, ही कंपनीची हरकत न्यायालयानें मान्य केली नाहीं. कारण पेरणीसाठीं आणलेलें बियाणें शेतकरी पेरून टाकतो, नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करतां येत नाहीं. तरीहि राखलेला नमुना तक्रार बळकट करतो, हें विसरूं नये. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करतां येते. मालाची दिलेली किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाहीं. प्रथम सल्ला हवा असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक आहे.

आपणहि साक्षीदार आहोंत

शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. गांवांत प्रत्येक जाणता शेतकरी हा आपल्या आळीपुरता नामांकित पुरुषच असतो. त्यानें कोणती पिशवी आणली हें चार घरें पाहत असतात. मोबाईलवर आलेली जाहिरात त्यानें पुढें धाडली कीं ती जाहिरात राहत नाहीं. त्याची शिफारस होते. एखादी कंपनी दोन पिशव्या फुकट देऊन छायाचित्र मागते, तेव्हां ती आपली अब्रू मागत असते. म्हणून जे तीन प्रश्न नटास विचारावयाचे, तेच स्वतःसहि विचारावे : मीं पाहिलें काय, मला त्यांतलें कळतें काय, आणि मला त्याबद्दल कांहीं मिळालें काय? शेजाऱ्यानें विचारलें तर एवढेंच सांगावें : 'माझ्या अमुक शेतांत, अमुक वर्षीं, इतकें आलें, बी फुकट मिळालें होतें किंवा विकत घेतलें होतें, आणि बांधाशेजारीं दुसऱ्या वाणाचें इतकें आलें.' ही साक्ष साधी आहे, पण ती कोणत्याहि नटाच्या साक्षीहून मोलाची आहे.

संस्थेच्या सभासदांनीं येत्या हंगामापूर्वीं एक काम अवश्य करावें. गांवांत विकत आलेल्या प्रत्येक वाणाच्या पिशवीवरील चिठ्ठीचा रंग, लॉट नंबर, उगवणशक्तीचा आंकडा व घरच्या परीक्षेंत आलेला आंकडा एका वहींत उतरून ती वही संस्थेच्या कार्यालयांत सर्वांस पाहण्यासाठीं ठेवावी. हंगाम संपल्यावर त्याच ओळीपुढें उत्पन्नाचा आंकडा लिहावा. दोन-तीन वर्षांत ती वही कोणत्याहि जाहिरातीपेक्षां अधिक उपयोगी पडेल. आणि तिच्यांतील प्रत्येक ओळीखालीं जो सही करील, तो आपल्या सहीस जबाबदार असेल.